पहिली कणसं आणि पहिली तारीख

पगार झाल्याचा मेसेज आपल्याला दिसतो, तोवर बँकेने त्यातला आपला वाटा उचललेला असतो. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, एसआयपी, विम्याचा प्रीमियम, मुलांच्या शाळेची फी, सोसायटीचा मेंटेनन्स. सगळं ठरल्या तारखेला, आपल्याला न विचारता जातं. उरलेल्यातून वाणसामान, पेट्रोल, कुणाचं लग्न, कुणाचा वाढदिवस. आणि त्यातूनही काही राहिलंच तर रविवारी उपासनेत दानाची थैली समोर येते, तेव्हा आपण पाकिटात हात घालतो. हाताला लागते ती नोट, किंवा दुसऱ्या कप्प्यातली त्याहून लहान.

नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद, फरिदाबाद, कुठेही राहा, नोकरदार ख्रिस्ती घराचा महिना साधारण असाच जातो. यात कुणी पापी नाही. हप्ते भरणं हे वचन पाळणंच आहे. पण या यादीत देव कितव्या नंबरावर आला, हे एकदा बोट ठेवून मोजा. रक्कम किती ते आत्ता बाजूला राहू द्या, फक्त नंबर बघा.

कारण पवित्र शास्त्रात पैशाविषयी बोलताना 'किती' यापेक्षा 'आधी कोण' हा प्रश्न जास्त वेळा येतो. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशू धनाविषयी बोलतात, तेव्हा धनाला एखाद्या मालकासारखं उभं करतात. तिथला मूळ शब्द 'मामोन'. नोकर एक आणि मालक दोन, असं चालत नाही, हा त्यांचा मुद्दा. पैसा असणं त्यांना खटकत नाही. जक्कयाच्या घरी ते जेवायला जातात, आणि जक्कय काही गरीब नव्हता. खटकतं ते पैशाने हुकूम सोडणं आणि आपण तो मुकाट पाळणं.

आता हे 'आधी' म्हणजे काय, ते आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांना खरं तर कुणी शिकवायला नको. मुंबईच्या ईस्ट इंडियन गावठाणांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो. भाताची पहिली कणसं वाजतगाजत चर्चमध्ये आणतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात आणि मग ती घराघरांत वाटली जातात. शेतं बरीचशी इमारतींच्या पोटात गेली, पण कणसं अजून आणली जातात. इकडे नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमध्ये कापणीचा सण असतो. कुणी बाजरी आणतं, कुणी भोपळा, कुणी पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की अंगणात लिलाव पुकारला जातो आणि पाळकसाहेबांच्या समोरच भोपळ्याची किंमत बाजारभावाच्या पार पुढे जाते. ज्यांनी लहानपणी हा लिलाव पाहिला आहे, त्यांना वाचतानाही हसू येईल.

या सणांच्या मुळाशी आहे ते पहिलं पीक देवाला देण्याचं जुनं वचन. पहिलं पीक देण्यातली गोम अशी की त्या वेळी शेतकऱ्याला पुढचं काहीच ठाऊक नसतं. उरलेलं भात खळ्यावर यायचं असतं. मध्येच पाऊस कोसळू शकतो. तरी पहिली पेंढी तो बाजूला काढतो. आपल्याला तर निव्वळ पगाराचा आकडा दर महिन्याला शेवटच्या रुपयापर्यंत माहीत असतो, आणि तरी आपण आधी सगळे हप्ते जाऊ देतो, मग बघतो काय उरतं. ज्याला काहीच खात्री नव्हती तो आधी देत होता. ज्याच्याकडे पगाराची स्लिप आहे तो शेवटी देतो. हे कोडं मला तरी अजून सुटलेलं नाही.

लूकच्या शुभवर्तमानात एका श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट आहे. पीक उदंड येतं. ठेवायला जागा नाही. तो ठरवतो, जुनी कोठारं पाडू, मोठी बांधू, मग निवांत खाऊ-पिऊ. त्याच रात्री त्याचा जीव जातो. गोष्ट पुन्हा वाचाल तेव्हा एका गोष्टीकडे लक्ष द्या. हा माणूस सबंध वेळ स्वतःशीच बोलतो. बायको नाही, मजूर नाहीत, शेजारी नाही. कोठारांचा एवढा मोठा निर्णय, आणि विचारलं कुणाला? स्वतःलाच.

नोएडाच्या सेक्टर ९३-ए मधले दोन मनोरे आठवतात? एपेक्स आणि सियान. उंची जवळपास १०० मीटर, म्हणजे कुतुबमिनारापेक्षा जास्त. नियम मोडून बांधले म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी ते पाडायचा आदेश दिला आणि २८ ऑगस्ट २०२२ च्या दुपारी काही सेकंदांत दोन्ही खाली बसले. आपण सगळ्यांनी टीव्हीवर, मोबाइलवर ते पाहिलं. त्या दिवसानंतर बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर लूकची ती गोष्ट फिरली असेल. पण जपून. कोठारवाला मूर्ख म्हणून तिथे पैसे गुंतवलेल्या साध्या माणसाकडे बोट दाखवणं हा अन्याय आहे. त्याला दोन खोल्यांचं छप्पर हवं होतं. आजही नोएडा, ग्रेटर नोएडात कितीतरी कुटुंबं न मिळालेल्या घराचा हप्ता आणि राहत्या घराचं भाडं, दोन्ही भरत आहेत. अशा घरात जाऊन देवाला आधी द्या, धन मागे ठेवा असं सांगणाऱ्याने आधी त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावून यावं.

आणि खरी अडचण इथेच आहे. देवाला पहिला मान देताना किंमत कोण मोजतं?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. १८६१ साली कोकणात जन्मलेला, संस्कृतात मुरलेला हा कवी काही काळ नागपुरात आप्पासाहेब बुटींसारख्या धनिकाच्या आश्रयाने लिहीत होता. पुढे राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. जात, नातीगोती, मान, सगळं एका दिवसात तुटलं. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या, मग परत आल्या आणि १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. टिळकांनी नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं, 'ज्ञानोदय'चा मराठी भाग सांभाळला, घरोघरच्या उपासनेत आजही गायली जातात अशी भजनं लिहिली. आणि १९१७ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, मिशनचा पगार सोडला. साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे येशूचे अनुयायी त्यात यावेत असा तो विचार होता. दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेले.

पाळकांच्या उपदेशात ही गोष्ट इथेच संपते. धन्य तो त्याग, आमेन. पण आपल्याकडे, देवाच्या दयेने, लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' आहे. १९३४ पासून चार भागांत आलेलं हे पुस्तक ज्यांनी वाचलं आहे, त्यांना टिळकांची दुसरी बाजूही ठाऊक आहे. त्यांच्या हातात पैसा टिकत नसे. कुणी गरजू भेटला की खिसा रिकामा. घरात पाहुणे, अनाथ मुलं, येणारे-जाणारे, आणि या सगळ्यांच्या ताटात काय वाढायचं याची विवंचना करणारी एकटी बाई. लक्ष्मीबाई हे रडत सांगत नाहीत, हसत सांगतात. टिळकांवर त्यांचं जिवापाड प्रेम होतं. पण वाचणाऱ्याला कळतं की देवाचा दरबार भरला की चुलीपाशी कोण बसलेलं असे.

मी टिळकांना नावं ठेवत नाही. ती माझी लायकी नाही. पण पुरुषांनी त्यागाच्या गोष्टी सांगाव्यात आणि बायकांनी डब्यातले डाळ-तांदूळ मोजावेत, ही वाटणी चर्चमध्ये फार जुनी आहे, आणि ती देवाने ठरवलेली नाही. उलट येशूंनी नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. मार्कच्या सातव्या अध्यायात 'कुर्बान'चा विषय येतो. आईवडिलांना द्यायचं ते कुर्बान म्हणजे देवाला अर्पण झालं असं म्हणायचं आणि म्हाताऱ्यांच्या जबाबदारीतून अंग काढून घ्यायचं, अशी पळवाट तेव्हा रूढ होती. येशू त्या माणसांना ढोंगी म्हणतात. देवाच्या नावाने घरातल्या कुणाचा घास काढून घेतला, तर तो देवाला पोचत नाही, इतकं ते सरळ आहे.

तेव्हा तुमच्या घरात दशमांश द्यायचा असेल, किंवा कुणी मोठा पगार सोडून कमी पगाराचं पण मनाला पटणारं काम धरायचं म्हणत असेल, तर आधी दोघांनी बसा. सासूबाई, आई, वडील सोबत असतील तर त्यांनाही बोलवा. मुलं आठवी-नववीत असतील तर त्यांनाही. कोचिंगची फी, पुढच्या वर्षीची गावची फेरी, नवा फोन, यांतलं काय पुढे जाईल ते मोकळेपणाने बोला. मुलांना हे कळतं. न सांगता त्यांच्या वाट्याचं कापलं, तर त्यांच्या मनात देवाची जी मूर्ती तयार होते ती पुढे पुसणं फार कठीण जातं.

पंडिता रमाबाईंची गोष्ट वेगळ्या कारणासाठी सांगायची आहे. १८८७ साली बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झालं आणि दहा वर्षं मदत देण्याचं ठरलं. त्या बळावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. आता दहा वर्षं संपल्यावर काय? रमाबाईंनी हातावर हात धरून प्रार्थना केली नाही. प्रार्थना केली आणि केडगावला सुमारे १०० एकर जमीनही घेतली. फळझाडं लावायची, त्यांच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, असा तो हिशेब होता. तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून त्या उपाशी, बेवारस मुलींना घेऊन आल्या, सुमारे ३०० जणी. १८९८ मध्ये अमेरिकेच्या मदतीची मूळ मुदत संपली. आणि १९०० च्या दुष्काळानंतर 'मुक्ती'तल्या माणसांची संख्या दीड हजाराच्या वर गेली.

कुठल्याही शहाण्या माणसाने या टप्प्यावर हात टेकले असते. झाडांना फळं धरायला वर्षं लागतात, पोटाला रोज लागतं. रमाबाई देवावर भार टाकून राहिल्या, हे खरं. १९०७ साली त्यांनी आपली साक्ष इंग्रजीत लिहिली, तिच्या नावातच कधी न संपणाऱ्या खजिन्याचा उल्लेख आहे. पण त्याच केडगावात विहिरी खणल्या गेल्या, माग बसले, तेलाचा घाणा फिरला, गुरं पाळली, छापखाना चालला. मुली शिकल्या आणि हाताने कामही करू लागल्या. 'देव पाहून घेईल' हे वाक्य आपण कधी कधी आळसाची उशी म्हणून वापरतो. रमाबाईंनी त्याची उशी केली नाही. देवावर भरवसा आणि विहिरीला पाणी किती आहे याची चौकशी, दोन्ही त्यांच्याकडे एकाच दिवशी चालत.

या दोघांपुढे दिल्लीतला एक तिसरा माणूस ठेवतो. काश्मिरी गेटजवळचं पिवळ्या रंगाचं सेंट जेम्स चर्च तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. ते बांधलं कर्नल जेम्स स्किनर यांनी, स्वतःच्या खर्चाने. १८०० साली, शिंद्यांच्या फौजेत चाकरीला असताना (म्हणजे एका अर्थी आपल्याच माणसांच्या पदरी), ते रणांगणात जखमी होऊन पडले होते. वाचलो तर देवाचं मंदिर बांधीन असा नवस त्यांनी बोलला. चर्च पुरं होऊन समर्पित झालं ते १८३६ साली. छत्तीस वर्षांनी! मधल्या काळात स्किनर साहेबांनी पलटणी उभारल्या, जहागिरी मिळवल्या, मोठं वैभव पाहिलं. नवस त्यांनी फेडला, हे मान्यच करायला हवं. किती तरी लोक जखम भरली की विसरतात. तरी त्या शांत, देखण्या घुमटाखाली बसलं की वाटतं, आपल्यापैकी बहुतेकांची जातकुळी टिळकांची नाही, रमाबाईंचीही नाही. स्किनरची आहे. आधी थोडं स्थिरावू, मग देवाचं बघू. कर्ज फिटू दे. मुलगी इंजिनीअर होऊ दे. रिटायर झालो की चर्चचंच काम करायचं आहे. स्किनरना छत्तीस वर्षं मिळाली. लूकच्या शेतकऱ्याला एक रात्रही मिळाली नाही.

आणखी एक प्रकार अलीकडे बोकाळला आहे, त्याच्यावर दोन शब्द. देवाला हजार द्या, तो दहा हजार करून परत देईल, असं व्यासपीठावरून सांगणारे उपदेशक तुम्ही ऐकले असतील. यूट्यूबवर तर रांगच आहे, खाली क्यूआर कोडसकट. यात देव पहिला कुठे आला? यात पहिला आला परतावा. देवाला म्युच्युअल फंड करून ठेवलं. हे लोक हटकून मार्कमधल्या त्या गरीब विधवेचं उदाहरण देतात, जिने मंदिराच्या पेटीत शेवटची दोन नाणी टाकली. तिचं येशूंनी कौतुक केलं, खरं आहे. पण त्याच्या जरा आधीची ओळ कुणी वाचून दाखवत नाही. तिथे येशू, विधवांची घरं गिळून वर लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांवर कडाडले आहेत. दोन्ही ओळी एकाच श्वासात वाचा. तिने दिलं ती तिची श्रद्धा. तिच्याकडून ते उकळणं हे पाप. ज्यांच्या घराचा ताबा मिळालेला नाही, ज्यांची नोकरी गेली आहे, त्यांनी या महिन्यात थैलीत काही टाकलं नाही म्हणून देव रुसत नाही. त्यांनी निर्धास्त उपासनेला यावं, आणि मंडळीने त्यांच्या घरी गव्हाचं पोतं पोचवावं. गुपचूप. फोटो न काढता.

बाकी आपण, ज्यांचा पगार वेळेवर होतो, आपण काय करायचं? हप्त्यांच्या यादीत सगळ्यात वर एक ओळ घाला. पगार झाला त्याच दिवशी, इतर काही जायच्या आधी. रक्कम घरात बसून ठरवा. लहान असली तरी चालेल, पण ती उरलेल्यातली नको. ती मंडळीला द्या, केडगावसारख्या एखाद्या कामाला द्या, शेजारच्या मुलाच्या फीला द्या. नीतिसूत्रांच्या शेवटी आगूर नावाचा एक माणूस देवाकडे फार शहाणं मागणं मागतो. गरिबी नको आणि श्रीमंतीही नको, रोजची भाकर तेवढी दे. श्रीमंत झालो तर तुला विसरेन, गरीब झालो तर चोरी करेन, ही त्याची भीती. जेवणाच्या टेबलावर मुलांना एकदा विचारा, आपल्या घराची 'पुरे' म्हणायची रेघ कुठे आहे? किती चौरस फूट, किती गाड्या, किती लाखांचं पॅकेज? नवरा-बायकोंची उत्तरंसुद्धा जुळत नाहीत, हे त्या दिवशी कळतं. वाद होईल. होऊ द्या.

आणि त्या यादीतल्या दुसऱ्या ओळीचंही सांगून टाकतो, कारण एनसीआरमधल्या घरांत ती हमखास चुकते. मोशेच्या नियमशास्त्रात आज्ञा आहे की मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवायची नाही. नव्या करारात याकोब तर म्हणतो की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानी जातं. आपल्याकडे भांडी-झाडूला येणारी बाई, पोळ्या करणारी, गाडी पुसणारा, या कुणालाच ऑटो डेबिट लागू नाही. त्यांचे पैसे आपल्या लक्षात येतील तेव्हा जातात. एक तारीख उलटते, पाच होते, सात होते. 'अरे, आज सुट्टे नाहीत', 'उद्या यूपीआय करते'. चार दिवस गावी गेली म्हणून कापले, तो हिशेब मात्र चोख असतो. बँकेचा हप्ता एक दिवस चुकला तर आपली झोप उडते, कारण बँक दंड लावते. ती बाई लावत नाही.

तिचंही भाडं ठरल्या तारखेला असतं, आणि खोलीचा मालक तिला उद्यावर ढकलू देत नाही. उद्या सकाळी ती आली की एवढंच विचारा, ताई, पैसे कोणत्या तारखेला मिळाले तर तुम्हाला बरं पडतं? ती सांगेल ती तारीख फोनमध्ये घालून ठेवा, गजर लावून, बँकेच्या हप्त्याच्या वर.